मानेवरची चीर

भाचा अमेरिकेत ओहायोमध्ये असतो. कामाने सॉफ्टवेअरवाला, छंदाने नेमबाज. शनिवारी रेंजवर जातो, झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी गोळा करून आणतो, साफ करतो आणि घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा भरतो. तिकडे हा छंद लाखो लोकांना आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं काडतूस तयार करायलाच परवाना लागतो, त्यामुळे घरात बसून काडतूस भरणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. आमच्या बहिणीला तर अजून वाटतं की पोरगा गोळ्या विकत आणतो.

एके रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडलेली रायफलच्या काडतुसांची नळकांडी, आणि त्यातल्या आठ-दहांच्या मानेवर उभी बारीक चीर. खाली मजकूर: ‘मामा, तू पितळवाला. हे का झालं? आणि चूक कोणाची? कारण ही पिशवी मी एका मित्राकडून विकत घेतलीय.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पंधरा मिनिटांत दिलं. दुसऱ्याचं अजून दिलेलं नाही. हा लेख त्या दुसऱ्याबद्दल आहे, पण पहिल्यावाचून तिथं पोचता येत नाही.

रायफलचं काडतूस साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेचं असतं. आधी एक जाड चकती, तिची वाटी, मग ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी. प्रत्येक ओढीत पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत घालून मऊ करावं लागतं. शेवटी मान आवळली जाते, कारण गोळी तिथं धरून राहायची असते. आवळल्यावर ती मान पुन्हा एकदा आचेवर धरतात. लष्करी काडतुसाच्या मानेला जो निळसर-जांभळट डाग दिसतो तो या आचेचा. पुष्कळ लोकांना वाटतं माल खराब आहे. उलट तो डाग म्हणजे मान शेकल्याची खूण.

तडा कुठं गेलाय यावरून बरंच कळतं. बुडाच्या जरा वर, नळीभोवती आडवी चकचकीत रेघ दिसली तर पितळ ताणलं गेलंय. झाडताना नळकांडं बंदुकीच्या घरात सैल बसलं, पुढे-मागे ओढलं गेलं आणि आतून पातळ झालं. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवली की खाच हाताला लागते. हा तडा वाईट, कारण पुढच्या खेपेला बूड सुटून येतं आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. मानेवरची उभी चीर वेगळी. एक शक्यता अशी की तेच नळकांडं अनेकदा झाडलं, भरलं, आवळलं आणि मान कडक होऊन फाटली. दुसरी शक्यता अशी की मानेत ताण कोंडून राहिला होता आणि त्याला अमोनिया भेटला. पितळ चकचकीत करायच्या कितीतरी पॉलिशांमध्ये अमोनिया असतो.

मी विचारलं, किती वेळा झाडलेली आहेत? तो म्हणाला, मित्र म्हणतो एकदाच. धुतली कशानं? मित्र म्हणतो, घरातल्या पॉलिशनं. ठेवली कुठं? मित्राच्या बेसमेंटमध्ये, दोन वर्षं.

मी लिहिलं: ‘न तडकलेली पण वापरू नकोस. सगळी पिशवी भंगारात घाल.’ तो म्हणाला, ‘घालतो. पण चूक कोणाची?’

*

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हा कारखाना १८६९ चा. आम्ही राहायचो संत तुकाराम नगरात, म्हणजे आप्पा सकाळी सायकलनं कासारवाडी स्टेशन गाठायचे आणि लोकल धरायचे. दापोडी, मग खडकी. आज त्याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते आणि संत तुकाराम नगर नावाचं स्टेशन आहे, पण माझ्या डोळ्यांपुढं सायकलच्या दांडीला अडकवलेला डबाच येतो. कामाबद्दल ते घरी बोलत नसत. तशी तिथली शिस्तच होती. काडतूस म्हटलं की माझ्या शाळेतल्या पोरांना फक्त १८५७ आठवायचं, गाईची आणि डुकराची चरबी. ते काडतूस कागदाचं होतं, पितळेचं नव्हे, हे मला आप्पांनी सांगितलं. शब्द पोर्तुगीजांकडून आलाय हेही त्यांनीच.

एक गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. ती गुप्त नव्हती, पुस्तकातलीच होती. ते तिला घोड्याच्या मुताची गोष्ट म्हणत, आणि आई स्वयंपाकघरातून ‘अहो, जेवताना काय’ म्हणून ओरडत असे.

इंग्रजांच्या फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तडकायची. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, दारूगोळा आडोशाला ठेवला जाई, आणि अनेकदा तो आडोसा म्हणजे घोड्यांच्या पागा. उघडीप झाल्यावर पेट्या उघडाव्यात तर नळकांड्यांना चिरा, त्यातही जिथं पितळ गोळीभोवती आवळलेलं असे तिथं जास्त. कोणी आपटलेली नाहीत, झाडलेली नाहीत, नुसती ठेवलेली. इंग्रजीत याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. कोणी म्हणतं ऋतूवरून, कोणी म्हणतं वाळताना लाकूड तडकतं त्यावरून. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा छापला. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो, पावसाळी हवेतल्या ओलीत तो मुरतो, आणि ताण कोंडलेल्या पितळेच्या कणाकणांमधल्या सांध्यांत शिरून ते उसवतो. उपाय साधा निघाला. तयार माल अडीचशे-तीनशे अंशांवर तासभर शेकायचा. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि आतला ताण उतरतो.

गोष्ट संपली की आप्पा विचारायचे, ‘मग सांग, काडतूस कोणी फोडलं?’ मी लहानपणी म्हणायचो, घोड्यानं. ते हसायचे. थोडा मोठा झाल्यावर म्हणायला लागलो, पागेत ठेवणाऱ्या शिपायानं. इंजिनिअरिंगला गेल्यावर म्हणालो, ज्यानं शेकलं नाही त्या कारखान्यानं. तेव्हा आप्पा म्हणाले, ‘त्याला शेकायचं असतं हे माहीतच नव्हतं. माहीत नसलेलं करायचं राहिलं, तर ती चूक का?’

मला तेव्हा हा निव्वळ जेवणानंतरचा वाद वाटला होता.

*

तडा जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. असं पितळ, ज्यात जस्त भरपूर आहे (पंधरा टक्क्यांच्या खाली गेलात तर त्रास जवळजवळ संपतो). त्यात कोंडलेला ताण. आणि बाहेरून अमोनिया, ओल, हवा. यातली एक काढा, तडा जात नाही. पागेत ठेवा पण शेकून ठेवा, काही होत नाही. न शेकलेलं कोरड्या कपाटात ठेवा, शंभर वर्षं राहील. म्हणजे प्रत्येक गोष्ट लागतेच, आणि एकटी कुठलीच पुरत नाही. अशा वेळी ‘कारण’ या एकवचनी शब्दाचं काय करायचं?

आपल्याकडच्या नैयायिकांनी कारणाचं एकवचन कधीच सोडून दिलं होतं. वस्त्राचं उदाहरण त्यांचं नेहमीचं. सूत हे समवायी कारण, सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण, आणि माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवलेलं आहे. ही विभागणी तड्याला जशीच्या तशी लागत नाही, कारण ती वस्तू बनण्याबद्दल आहे, मोडण्याबद्दल नाही. तरी मला तिचा उपयोग झाला तो एका शब्दापुरता. निमित्त. शास्त्रात निमित्त हे पुरतं कारण आहे, विणकर काही कमी महत्त्वाचा नाही. आपण मराठीत मात्र त्याला पार हलकं केलं. ‘तो नुसता निमित्त झाला.’ म्हातारा आधीच थकलेला होता, न्हाणीघरात पाय घसरणं निमित्त झालं. भावांचं आधीच फाटलेलं होतं, बांध निमित्त झाला. या वाक्यात आपण कोणालातरी सोडवतो. अर्जुनाला निमित्तमात्र हो म्हणून सांगितलं गेलं तेव्हाही त्याच्या हातून जे व्हायचं होतं त्याचं ओझं हलकं करणं हाच हेतू होता.

कारखान्यात बरोबर उलटं चालतं. तिथं निमित्ताला धरतात.

मी तीस वर्षं भोसरी एमआयडीसीत गुणवत्ता विभागात काढली. तक्रार आली की एक फॉर्म भरायचा असतो. त्यात पाच वेळा ‘का’ विचारायचं. जपानी पद्धत, टोयोटाच्या ताइइची ओनोंनी गाजवलेली. शिवाय इशिकावांचं माशाच्या काट्याचं चित्र: माणूस, यंत्र, माल, पद्धत असे फाटे. चित्र भरगच्च होतं, भिंतीवर छान दिसतं. पण फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, ‘मूळ कारण’, आणि तो दोन ओळींचा असतो. झाडाला मूळ असतं, पण ते एकच असतं हे कोणी सांगितलं? उसाच्या बुंध्याला हात घालून पाहावं, काय काय निघतं. तरी दोन ओळींत मावेल इतकंच मूळ आम्ही उपटायचो.

त्या दोन ओळींत काय जातं याचा मी बराच विचार केलाय. कॉलिंगवूड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४० मध्ये असं काहीसं मांडलं होतं की व्यवहारात आपण ज्या गोष्टीवर आपला हात चालतो तिला कारण म्हणतो. गाडी चढावर बंद पडली तर चढ हे कारण नाही, सुटलेली वायर हे कारण, कारण वायर जोडता येते. हे मला पटतं. यात खोट काही नाही, दुरुस्ती करणाऱ्या माणसानं असाच विचार करायला हवा. पण कारखान्यात हात कोणाचा चालतो आणि कशावर चालतो? वीज मंडळावर नाही. गिऱ्हाइकाच्या तारखेवर नाही. मालकाच्या कॅश क्रेडिटवर नाही. बदलायला सगळ्यात स्वस्त काय, तर कंत्राटी माणूस. मग तोच मूळ.

*

आता माझ्या नटांचं सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं नाव माझंच आहे.

आम्ही पितळी नट करायचो, गॅसच्या नळ्यांच्या जोडावर बसणारे. ओढलेली षटकोनी सळी यायची, लेथवर कापायची, आटे पाडायचे. ओढलेल्या सळीत ताण असतोच, त्यात नट घट्ट आवळला की त्याच्या अंगाला आणखी ताण बसतो. म्हणून कापून झालेला माल ताण उतरवायला भट्टीत जायचा, पावणेतीनशे अंश, तासभर. भट्टीवर तात्या होते. कंत्राटी, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त, बार्शीकडचे. भट्टीला गोल कागदी चकतीवर शाईच्या पेनानं तापमान काढणारा रेकॉर्डर होता. तात्या ती चकती दर पाळीला बदलायचे, जुनीवर तारीख टाकून सही करायचे. सही म्हणजे नाव, सावकाश, शाळकरी अक्षरात.

बुधवारची रात्र होती. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून बुधवारचा माल बुधवारीच जायला हवा असतो. रात्री वीज गेली, पहाटे आली. सुट्टीच्या आधीचा माल म्हणून मी थांबलो होतो. तात्या माझ्या टेबलापाशी आले.

‘साहेब, माल पुरता शेकला नाही. एकशे नव्वदच्या वर काटा चढलाच नाही. परत लावू का?’

‘किती वेळ?’

‘भट्टी गार झालीय. तापायला अन् धरायला, अडीच तास तरी.’

टेम्पो दारात उभा होता. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मी म्हणालो, ‘राहू द्या. नटच आहे.’

तात्या उभे राहिले. मग म्हणाले, ‘बरं.’ मी जॉब कार्डावर सही केली.

पितळेत ताण उरलाय का हे बघायची एक जुनी चाचणी आहे. मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात नमुना बुडवायचा. ताण असेल तर अर्ध्या तासात डोळ्यांदेखत चिरा पडतात. पाऱ्याचा मामला म्हणून हल्ली ती टाळतात आणि अमोनियाच्या वाफेत ठेवून बघतात, पण तेव्हा आमच्या कपाटात ती बाटली होती. या चाचणीचा एक गमतीचा भाग मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो: ज्या नटाची तपासणी केली तो नट गेला. चांगला निघाला तरी तो पाऱ्यानं बाटलेला, विकता येत नाही. म्हणजे विकायला जो माल जातो तो कायम न तपासलेलाच असतो, आपण त्याच्या मेलेल्या भावंडांवरून त्याची खात्री देतो. पोरं हसायची. त्या पहाटे मी कपाट उघडलं नाही.

त्या खेपेत चार हजारांवर नट होते. आठ महिन्यांनी, थंडीत, शिरूरच्या पलीकडच्या एका पोल्ट्रीतून तक्रार आली. पिलांना ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगड्यांच्या जोडावर आमचे नट होते. थंडीत पिलं लहान असताना शेडचे पडदे बंद ठेवतात, खाली तुसाचं अंथरूण, त्यात विष्ठा. आत गेलात की डोळ्यांतून पाणी येतं. तो अमोनियाच. घोड्यांच्या पागेसारखीच जागा, फक्त पाखरांची. तीन नट उभे तडकले होते. एकातून गॅस सुटला आणि भडका उडाला. शेडवर झोपणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पडदे ओढायला धावला आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

नट माझ्या हातात आले तेव्हा मला भिंग लावायची गरज नव्हती. टेबलावर टाकून पाहिले. चांगलं पितळ खणकतं. हे बद्द वाजले.

मी फॉर्म भरला. का तडकला? ताण होता. का होता? शेकला नाही. का नाही? तापमान गाठलं नाही. का नाही? ‘ऑपरेटरने निर्धारित तापमान न गाठता माल बाहेर काढला.’ पुरावा म्हणून चकती जोडली, शाईची रेघ एकशे नव्वदला टेकून खाली आलेली, खाली तात्यांचं सावकाश नाव. सुधारणा: ऑपरेटर बदलला, नव्या ऑपरेटरला प्रशिक्षण दिले.

त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी पुष्कळदा ते वाक्य मनात घोळवलंय, त्यात खोटं सापडावं म्हणून. नाही सापडत. तात्यांनीच माल बाहेर काढला होता, तापमान गाठलंच नव्हतं. खोटं त्या वाक्याच्या आधी आहे, जिथं ‘राहू द्या’ असायला हवं होतं. पाचव्या ‘का’ला उत्तर होतं, मी ते विचारलंच नाही, चारांवर थांबलो. ग्राहकानं चारच मान्य केले.

*

थॉमस नेगेल आणि बर्नर्ड विल्यम्स या दोघांनी १९७६ मध्ये एकाच चर्चेत नैतिक नशिबाबद्दल निबंध वाचले. नेगेलचं उदाहरण ड्रायव्हरचं आहे. ब्रेक तपासायचा आळस दोघांनी केला, एकाच्या गाडीपुढं मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. आळस तेवढाच, पण एकाला आपण खुनासारखं काहीतरी चिकटवतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. आणि हे विचित्र आहे, कारण मूल येणं-न येणं ड्रायव्हरच्या हातात नव्हतं. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीनं आपला दोष कमी-जास्त कसा होईल?

माझ्या बाबतीत हे दोन ड्रायव्हर एकाच अंगात आहेत. चार हजार नटांवर मी एकच सही केली. त्यातले बहुतेक कुठल्या कुठल्या कोरड्या स्वयंपाकघरांत, वर्कशॉपांत बसलेत आणि आजही शाबूत असतील. तीन पोल्ट्रीत गेले. मी तिघांचा दोषी की चार हजारांचा? भडका उडाला नसता तर मी त्या पहाटेची आठवणही ठेवली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे. उलट सुट्टीच्या आधी माल काढला म्हणून स्वतःला शाबासकी दिली असती. अशा किती सह्या असतील ज्यांना पोल्ट्री भेटलीच नाही.

बरेच दिवस मी याचा आसरा घेतला. नशीब. तीन गोष्टी एकत्र आल्या, त्यातली माझी एकच होती, आणि तीही अर्धी, कारण वीज मी घालवली नव्हती. पोल्ट्रीत असे जोड बसवू नयेत हे शेगडी बसवणाऱ्याला कळायला हवं होतं. सगळं खरं. पण आप्पांचा प्रश्न आडवा यायचा. १९२१ च्या आधीच्या त्या कारखान्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. जेवताना ऐकलेलं होतं, वयाच्या आठव्या वर्षापासून.

एक मोह मला टाळायचाय. कोंडलेला ताण ही इतकी आयती उपमा आहे की तिच्यावरून समाज, कुटुंब, जात, कामगार, सगळ्यांवर बोलता येईल: आत ताण, बाहेर वाईट हवा, मग एक दिवस चीर. लोक असं लिहितात आणि वाचायला बरं वाटतं. मला ती उपमा आता नकोशी झालीय, कारण ती लावली की माणूस पितळेसारखा होतो, आणि पितळेला कोणी दोष देत नाही. नट येऊन सांगत नाही की माझ्यात ताण राहिलाय. तात्या येऊन सांगून गेले होते. तीन कारणांच्या त्या यादीत सगळी कारणं बरोबरीची, हे धातूपुरतं खरं आहे. माणसांच्या यादीत एक जण असा होता ज्याला माहीत होतं, ज्याला सांगितलं गेलं होतं आणि ज्याचं एक ‘हो, परत लावा’ पुरलं असतं. अमोनियाला ‘नको’ म्हणता येत नाही.

हे कळूनही मी पुढची कित्येक वर्षं तिथंच नोकरी केली. त्याचं कारण लेकीचं शिक्षण वगैरे सांगता येईल. ते सांगत नाही.

*

तात्या मला परत भेटले ते दोनेक वर्षांपूर्वी, वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर. मी पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. ते बाकावर बसले होते, पायाशी नायलॉनची पिशवी, अंगात कुठल्यातरी सोसायटीच्या वॉचमनचा निळा शर्ट. त्यांनीच हाक मारली, ‘साहेब!’ जणू काही झालंच नाही अशी. मी शेजारी बसलो. गुडघे, शुगर, धाकट्याचं लग्न. बार्शीची गाडी लागायची होती.

मी काही बोलणार होतो. काय, ते आता आठवत नाही. बहुधा रिपोर्टचं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, ‘साहेब, त्या नटांचं शेवटी काय झालं? मला कोणी काही सांगितलंच नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले, एवढंच.’

म्हणजे त्यांना तक्रारीतलं काहीच माहीत नव्हतं. चकती, चौकोन, काही नाही. मी सांगितलं. पोल्ट्री, थंडी, तीन नट, भडका.

‘कोणाला लागलं?’

‘एका पोराचे हात भाजले.’

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. भट्टीवाल्याचे हात, मनगटावर जुने पांढरे डाग. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगितलं होतं तुम्हाला. मी त्या वाक्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती की ते आलं असतं तर बरंच वाटलं असतं.

‘मी अजून एकदा म्हणायला पायजे होतं,’ ते म्हणाले. ‘एकदाच म्हणालो अन् गप बसलो. टेम्पोवाला काय, थांबला असता.’

मी म्हणालो, ‘तात्या, चूक माझी होती. सही माझी होती. आणि कागदावर मी तुमचं नाव लिहिलं.’

‘तुमची होतीच की,’ ते अगदी सहज म्हणाले, त्यात राग शोधूनही सापडला नसता. ‘पण पोराचे हात भाजले नव्हं. आता बरं आहे का त्याचं?’

मला माहीत नव्हतं. तक्रार बंद झाली तेव्हा फाइल बंद झाली. त्या मुलाचं नाव फॉर्ममध्ये कधी आलंच नव्हतं, त्यासाठी रकाना नव्हता. मी तसं सांगितलं. तात्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

बार्शीची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, मी ती धरायला गेलो तर म्हणाले, ‘राहू द्या.’ आणि चढले.

भाच्यानं नंतर कळवलं की सगळी पिशवी त्यानं भंगारात टाकली, प्रत्येक नळकांड्याची मान पकडीनं चेपून, म्हणजे कोणी उचलून पुन्हा भरू नये. मित्राला पैसे परत मागितले का, विचारलं. म्हणाला, नाही, पण त्याला फोन करून सांगितलं, तुझ्याकडे याच पॉलिशनं धुतलेली अजून असतील तर तीही टाक. मित्र रागावला. म्हणाला, तुझीच चूक असेल, तूच जास्त आवळली असशील. भाच्यानं त्याला दुसऱ्यांदा फोन केला. तिसऱ्यांदा करणार आहे म्हणतो.